गंधाचं बोट

मित्रांनो, सुकलेल्या पेनांच्या आणि मोडक्या स्टेपलरच्या शेजारी, टेबलाच्या खणात बरेच दिवस पडून राहिलेला मी एक जुना माउस. माझी वायर पिवळट पडली आहे आणि डाव्या बटणावरचा रंग पार उडाला आहे. तो कुणी खरवडला नाही. भागवतचं बोट रोज तिथं टेकायचं, त्यानं तो झिजला. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट तेवढीच माझी कमाई आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे कितीतरी भाऊ एका पट्ट्यावरून पुढे सरकत होते, एवढंच आठवतं. मग खोक्यातला अंधार, आणि एके दिवशी शेलूबाजार गावात, हायवेलगतच्या एका छोट्या दुकानात उजेड दिसला. फोटो, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, सगळं तिथं व्हायचं. दुकान भागवतचं. त्याची बायको ज्योत्स्ना दुपारनंतर डबा घेऊन यायची आणि त्याच्या शेजारी बसून काम शिकायची.

तेव्हाच्या संगणकात सगळं बारीक असायचं. बारीक चित्रं, बारीक अक्षरं, कोपऱ्यात नखाएवढी फुली. माणसाचं जाडजूड बोट तिथं काय कामाचं? तिथं माझाच बाण लागायचा. पत्रिकेतल्या गणपतीला मधोमध बसवणं असो की बॅनरवरच्या पुढाऱ्याच्या डोळ्यांखालचं काळं घालवणं असो, भागवत मला हलकेच फिरवायचा आणि काम फत्ते व्हायचं. हा नसला तर आपण आंधळेच, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मी फुगून जायचो.

दसऱ्याला भागवतचे वडील, उकंडराव, किन्हीराजा या गावाहून जीपनं यायचे. शेतकरी माणूस. घरचा पंप, ट्रॅक्टर, कडबा कटर, एकही यंत्र त्यांच्या हातून पूजेवाचून राहत नसे, मग मुलाचा संगणक कसा राहील? कुंकू पाण्यात कालवून ते एक बोट माझ्या पाठीवर आणि एक बोट पडद्याच्या काचेवर टेकवायचे. काचेवरचं गंध दिवाळीपर्यंत तसंच राहायचं, आणि पत्रिकेतल्या एखाद्या नवरीच्या गालावर लाल ठिपका दिसायचा. भागवत हसायचा, पण पुसायचा नाही.

एकदा भागवतनं नवा कॅमेरा घेतला आणि तो स्टँडवर लावून चालू करून बघितला. त्या वेळी ज्योत्स्ना मला धरून काहीतरी शिकत होती. भागवत तिच्या हातावर हात ठेवून सांगत होता, “हळू. दाबू नको त्याले जोरानं. हात नुसता ठेव.” इतक्यात दारात उकंडराव आले. भागवतनं मान वर केली, हसला आणि म्हणाला, “या बाबा, बसा.” एवढंच ते शूटिंग. साऱ्या पंचक्रोशीची लग्नं टिपणाऱ्या माणसाचं स्वतःचं, बोलतानाचं, तेवढंच.

पुढे एका लग्नाचं काम आटोपून परतताना मोटारसायकलच्या अपघातात भागवत गेला. मित्रांनो, रोजचा हात एकाएकी येईनासा होतो म्हणजे काय, ते मला सांगता येत नाही.

ज्योत्स्नानं दुकान बंद पडू दिलं नाही. आणि उकंडराव दर बाजाराच्या दिवशी यायला लागले. ते पडद्यासमोर उभे राहायचे, ज्योत्स्ना ते शूटिंग लावून द्यायची, आणि आतून भागवत “या बाबा, बसा” म्हणाला की मगच ते स्टुलावर बसायचे. एरवी कितीही आग्रह केला तरी उभेच. स्वतः शूटिंग लावायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, पण माझं बटण पाठोपाठ दोनदा दाबणं त्यांच्या वखर धरून घट्ट झालेल्या बोटांना जमेना. दर वेळी सुनेला हाक मारायला त्यांना संकोच वाटायचा.

मग जुना संगणक थकला. दुरुस्ती करणारा गजेंद्र म्हणाला की आता ही जुनी व्यवस्था चालायची नाही, आता सगळे संगणक मोबाइलसारखे झाले आहेत. नवा पडदा आला. त्यावर सगळं ऐसपैस, ठळक, बोटासाठी बेतलेलं. नखाएवढी फुली गेली, फरशीएवढे चौकोन आले. आधी फक्त बघायची असलेली काच आता बोट लागताच ऐकायला लागली. ज्योत्स्नानं मला पुसून खणात ठेवलं. खणाची फळी मोडकी होती, फटीतून मला सगळं दिसायचं. मी त्या पडद्यावर मनातून जळायचो, खोटं कशाला बोलू?

पण एक मात्र कबूल करतो. बाजाराच्या दिवशी उकंडराव आले, त्यांनी भागवतच्या चेहऱ्यावर नुसतं बोट टेकवलं आणि भागवत बोलायला लागला. कुणाला हाक मारावी लागली नाही. म्हातारा डोळे पुसत स्टुलावर बसला. जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या काचेनं पहिल्याच दिवशी केलं.

दसरा आला. ज्योत्स्ना आत दिवा लावत होती. पडद्यावर भागवतचं चित्र थांबलेलं होतं. उकंडरावांनी कुंकवात बोट बुडवलं आणि नेहमीच्या सवयीनं काचेवर टेकवलं, मुलाच्या कपाळावर. लेकाला गंध लावायचं म्हणून बोट जरा जास्तच वेळ टेकून राहिलं. बोट तसं दाबून धरलं की नवा पडदा कामांची यादी उघडतो. यादी उघडली, इंग्रजीत. भागवतचा चेहरा झाकला गेला म्हणून ते गडबडले आणि ओल्या अंगठ्यानं ती यादी पुसायला लागले. अंगठा ‘डिलीट’वर पडला, आणि खरंच काढून टाकू का, असं पडद्यानं विचारलं. त्यांनी तेही पुसलं. भागवत गेला.

ते शूटिंग अजून कॅमेऱ्याच्या कार्डातच होतं, ते कार्ड संगणकाला लावूनच बघायचे. दुसरीकडे उतरवून ठेवू म्हणत ज्योत्स्नाचं राहूनच गेलं होतं. संगणकातलं पुसलेलं निदान टोपलीत पडून राहतं, परत काढता येतं; कार्डातलं पुसलं की ते टोपलीतही जात नाही. गजेंद्रनं कार्ड नेलं, खूप खटपट केली आणि मान हलवून परत आणून दिलं. ज्योत्स्ना त्या दिवशी शटर अर्धं ओढून रडली. नवऱ्याचा आवाज तिनंही गमावला होता, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

सासऱ्यांना तिनं काही कळू दिलं नाही. पुढच्या बाजाराला म्हणाली, शूटिंगचं कार्ड बिघडलं आहे. त्याच्या पुढच्या बाजाराला म्हणाली, गजेंद्रकडे दिलं आहे. ते बरं म्हणायचे आणि उभ्या उभ्याच परत जायचे. हात मात्र पाठीमागे बांधून उभे राहायचे. आता ते दुकानातल्या कुठल्याच वस्तूला बोट लावत नव्हते. ज्योत्स्नाच्या ते ध्यानात आलं नाही. मला फटीतून नेमके ते हातच दिसायचे.

यंदाच्या दसऱ्याला तिनं खण उघडला, मला बाहेर काढलं आणि झेंडूच्या फुलांशेजारी ताटात ठेवलं. उकंडराव दाराशीच थांबले. कुंकवाची वाटी तिनं पुढे केली तरी हात पाठीमागेच.

“मामाजी, गंध लावा ना,” ती म्हणाली.

“मले ठाऊक हाय पोरी,” ते म्हणाले. “गजेंद्रनं मागंच सांगतलं. माह्याच बोटानं गेला तो.”

ज्योत्स्नानं त्यांचा उजवा हात धरून पुढे आणला, बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या डाव्या बटणावर टेकवलं, रंग उडालेल्या जागी. भागवतचं बोट जिथं असायचं तिथं. मग आजवर त्यांना मामाजीच म्हणत आलेली ज्योत्स्ना हळूच म्हणाली, “या बाबा, बसा.”

आणि उकंडराव बसले.

मित्रांनो, नवं जरूर आणा, ते वाईट नसतं. पण ते कुणाच्या हाती पडणार आहे तो हात आधी बघा, आणि त्याची सवय काय आहे ते विचारा. आपल्या माणसाचा आवाज एकाच जागी ठेवू नका, आजच आणखी कुठेतरी ठेवा. मी आता परत खणात गेलो नाही. टेबलावरच आहे, आणि माझ्या बटणावरचं गंध ज्योत्स्नानं अजून पुसलेलं नाही.