न तोडलेल्या शेंगा

घड्याळजींच्या ताटात पुन्हा चहा-पाव. पुराने रस्ता खचला होता, भाजीच्या गाड्या अडकल्या होत्या, आणि बाजारात जी जुडी मिळे तिच्याकडे बघूनच कीव यायची. घरोघरी हीच रड.

वर गच्चीत मात्र चवळीचा वेल.

रंगाच्या रिकाम्या डब्यात बायकोने लावलेला. तिच्या हातचं शेवटचं काम. ती गेली, आणि मग वेलाला शेंगा आल्या. घड्याळजी रोज पाणी घालत, पानांवरून हात फिरवत. तोडत मात्र एकही नसत. तोडली की ती तेवढी कमी होणार ना!

पण वेलाने मान टाकली. शेंगा जून होऊन लोंबू लागल्या, फुलं थांबली, पानं पिवळी पडली. खत घातलं, डबा उन्हात सरकवला. छे. ती पुन्हा एकदा चालली आहे, आणि आपण नुसते बघतो आहोत.

शेजारच्या गल्लीतली मोठी बहीण आली. भावाच्या बसलेल्या गालांवरून, रिकाम्या फडताळावरून यथेच्छ बोलून झालं. मग ती गच्चीत गेली.

"घरात भाजी नाही, आणि इथे शेंगा वाळतायत? तोडत का नाहीस?"

"तिच्या आहेत, ताई."

ताईचा आवाज उतरला. "शेंग जून झाली की वेलाला वाटतं, आपलं काम संपलं. तोडत राहिलास तरच फुलतो, बाबा. कपाटात घड्याळ जपून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला तू काय सांगतोस?"

हातावर घाला. ठेवून दिलं की आतलं तेल सुकतं.

जन्मभर हेच तर सांगत आले होते ते!

केसासारख्या स्प्रिंगा बसवणारा हात पहिल्या शेंगेच्या देठाशी गेला.

कट्.

त्या दिवशी घरात लसणाची फोडणी बसली. कितीतरी दिवसांनी घड्याळजी पोटभर जेवले. वाळलेले दाणे त्यांनी जिन्यातल्या प्रत्येक दारात वाटले. ते लावायला डबे ज्याचे त्याने शोधले.

मंडळी, रस्ता कुणाचाही खचू शकतो. दारातला एक वेल सगळ्यांचं पोट भरणार नाही, पण ताटाला आधार देईल, मनालाही. मात्र तो लावावा, तोडावा, वाटावा. नुसता जपू नये.

वेल पुन्हा फुलला. घड्याळजी ओंजळभर कोवळ्या शेंगा घेऊन जिना उतरतात, आणि दार उघडता उघडता सवयीने आत सांगतात, "आज एवढ्या निघाल्या गं."