डोळ्यातली खिडकी

मुलीने ओठांनी ब्रशला टोक काढलं, श्वास रोखला आणि क्रिकेटच्या पंचांच्या नव्या डोळ्यावर शेवटचा पांढरा ठिपका दिला. मग समोर बसलेल्या पंचांच्या खऱ्या डोळ्यात निरखून पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

आत्याचं दुकान कृत्रिम डोळ्यांचं. ती सगळ्यांना एकच तपकिरी बुबुळ रंगवून देई. त्यामुळे गावातली एक डोळा गेलेली माणसं अर्ध्या बाजूने एकमेकांची सख्खी भावंडं वाटत. पुढे जिच्या चित्रांसमोर लोक तासन्‌तास उभे राहणार होते, त्या भाचीला आज पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं, तेही आत्याचा हात मुरगळला म्हणून. बिघडलं तर मामाच्या बेकरीत भट्टीत पाव भरायचे, असं ठरलं होतं.

लेप वाळला, डोळा बसला. आत्याने भिंग लावलं.

"हे पांढरं काय?"

"खिडकी."

"डोळ्यात?"

"त्यांच्या खऱ्या डोळ्यात दिसत होती. गजांसकट. बाहेर तुझा परकरही वाळत होता, पण तो नाही काढला."

"का? जागा नव्हती?"

"होती. पण बरं दिसलं नसतं."

आत्याने भिंग खाली ठेवलं. "अगं कार्टे, चकाकी रंगवायची नसते! ती उजेडाने आपोआप येते. आता हे काळोखात उभे राहिले तरी यांच्या डोळ्यात भरदुपार!"

पंच आरशात बघत होते. "मैदानात लोक मला इतकी वर्षं आंधळा म्हणायचे. शेवटी निम्मं खरं करून दाखवलं," ते म्हणाले. "घरी दाखवून येतो."

पोरगी परवापासून येईल, असा आत्याने संध्याकाळीच बेकरीत निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी पंच दारात दिसताच ती उठली. "चूक आमची. बिनखिडकीचा करून देऊ."

"हात लावू नका!" पंच खुर्चीत बसले. "अहो बाई, डोळा गेल्यापासून लोक माझ्या कानाशी बोलतात. नात तर जवळ यायलाच घाबरायची. काल मांडीवर चढली, नाक टेकवून डोळ्यात बघत बसली. म्हणाली, आजोबा, आत कोण राहतं?"

"मग काय सांगितलंत?" मुलीने विचारलं.

"म्हटलं, विचारून सांगतो."

मुलीने स्टूल पुढे ओढलं आणि त्या खिडकीकडे बघू लागली. मग तिने ओठांनी ब्रशला टोक काढलं.

आत्या स्वच्छ भिंग पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"आत एकालाच ठेव," ती शेवटी म्हणाली. "बिऱ्हाड बसवू नकोस. आणि उद्या लवकर ये. गिऱ्हाईकाचे डोळे घारे आहेत. मला ते कधी जमले नाहीत."