येर्कोचं जाळं

माझा नवरा येर्को फेब्रुवारीत गेला. आमची मुलगी मिर्ना जूनपर्यंत माझ्याजवळ राहिली. मग म्हणाली, "आई, उन्हाळा आत्याकडे काढ. तुला या बंद घरात एकटीला ठेवून मला कामावर जाववत नाही." मी बॅग भरली. नको म्हणायला तरी काहीतरी वाटावं लागतं.

येर्कोची थोरली बहीण पेरिना त्यांच्या गावी, बेटावरच राहिलेली; आम्ही दोघं फक्त उन्हाळ्यात तिथे जायचो. लग्न केलं नाही, आवाज खणखणीत. दहा वर्षांपूर्वी तिने सगळ्या कोळ्यांशी भांडून गावाशेजारची खाडी मासेमारीला बंद करायला लावली, माशांना अंडी घालायला एक जागा राहावी म्हणून. आधी लोकांनी शिव्या दिल्या. खाडीबाहेर मासे वाढले तेव्हा गप्प बसले. आता निम्मं गाव तिच्याबरोबर असतं. समुद्राच्या तळाशी अडकून राहिलेली जुनी जाळी ही माणसं वर काढतात. मालकाने नाद सोडला तरी जाळं मासे मारायचं थांबत नाही. जाळं कुणाचं ते ओळखू आलं तर पेरिना त्याचं नाव धक्क्यावरच्या फळ्यावर लिहिते, आणि त्याने दिवसभर बसून जाळी कापून द्यायची.

दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या हातात सुरी दिली. "बसूनच राहायचंय ना? मग धक्क्यावर बस."

मी बसले. महिनाभर रोज बसले. शिशाचे मणी एकीकडे, बोये दुसरीकडे, जिवंत खेकडा सापडला तर पाण्यात. कुणी अंजिरं दिली, मी खाल्ली. गोड आहेत का विचारलं, मी हो म्हटलं.

धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बार्बा दुये बसायचे. म्हातारे कोळी, सगळं गाव त्यांना बार्बा, म्हणजे काका, म्हणतं. येर्को मासे पकडायला त्यांच्याच होडीत शिकला. सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात येर्कोचं नवंकोरं जाळं नाहीसं झालं, आणि भर खानावळीत तो म्हणाला, "दुयेने चोरलं." बार्बा काही बोलले नाहीत. त्यानंतर दोघं समोरासमोर आले की एक जण रस्ता ओलांडायचा. अंत्यविधी बेटावरच झाला, तेव्हा बार्बा दफनभूमीच्या भिंतीबाहेर टोपी हातात धरून उभे होते. आत आले नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावर निकाने बंद खाडीतून एक जाळं वर आणलं. निका शाळेत शिकवते आणि सुट्टीत बुड्या मारते. "खडकात पार गुंतलं होतं. आत एक शेवंड जिवंत आहे, बाकी सगळी हाडं."

आम्ही ते धक्क्यावर पसरलं. मी बोया हातात घेतला आणि दोरीची गाठ पाहिली. येर्को डावखुरा होता. त्याची प्रत्येक गाठ उलटी बसायची. आमच्या घरातल्या पडद्यांच्या दोऱ्याही तशाच बांधलेल्या आहेत. मी वर पाहिलं. पेरिनाही गाठच बघत होती.

"मेल्याने माझ्याच खाडीत टाकलं," ती हळू म्हणाली. "मला सांगायची लाज वाटली, म्हणून चोरी झाली म्हणाला."

पेरिना उठली, फळ्यापाशी गेली, आणि खडू हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"राहू दे, पेरिना," निका म्हणाली. "मेलेल्या माणसाचं नाव कशाला?"

"तुझ्या बापाचं लिहिलं तेव्हा तू राहू दे म्हणालीस का?" पेरिनाने भावाचं नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली.

मला राग यायला हवा होता, निदान लाज तरी. मी वाट पाहिली. काही आलं नाही. मी सुरी घेतली आणि म्हणाले, "त्याचा दिवस मी भरते."

शेवंडीपासून सुरुवात केली. तिच्या पायांत दोरा खोल रुतला होता. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी उलटी बादली ठेवली आणि त्यावर बसलं. बार्बा दुये होते.

"सुरी अशी नको, पाय तुटेल. खालून घाल."

मी खालून घातली. बराच वेळ आम्ही कापत राहिलो. मग मी विचारलं, "बार्बा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याचं जाळं माझ्याकडे नाही, एवढं ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय होतं? एकदा चारचौघांत बोलला होता. त्याला मागे फिरता येईना." त्यांनी शेवंड उचलून पाण्यात सोडली. "गाढव होता. पण पोहायला मीच शिकवलं होतं त्याला."

"त्याच्या वतीने मी माफी मागते."

"तू कशाला? तू तर सुरीही धड धरत नाहीस."

संध्याकाळी हात धुताना पाणी लाल झालं तेव्हा मला कळलं की बोटं कापली आहेत. पेरिनाने खसखसून साबण लावला, पट्ट्या बांधल्या. तिचे डोळे सुजले होते. "तू रडत का नाहीस गं, झोरा?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. "मी रडते तोवर तू बटाटे सोल."

"पट्ट्या बांधल्यास की."

"मग नुसती बस."

मी तिच्याजवळ बसले. खारवलेल्या तारल्या आणि बटाटे खाल्ले. जेवणानंतर मिर्नाचा फोन आला. मी तिला जाळ्याचं सगळं सांगितलं.

"तू बरी आहेस ना, आई?"

"बोटं दुखताहेत," मी म्हणाले. खरंच दुखत होती.