हातचं राखून

अंगठ्याला लागलेलं प्लास्टर पँटला पुसून त्यांनी फोनवरच्या शब्दखेळातलं 'पास'चं बटण दाबलं. हातात तीन अक्षरं होती, त्यातली दोन कुठेही बसली असती आणि पटावर चार जागा आ वासून बसल्या होत्या. तरी त्यांनी पास दिला. ओळीने तिसरा. मग फोन मेणाच्या डबीला टेकवून उभा केला आणि बाकावरची अर्धवट कवळी पुन्हा घासायला घेतली.

गल्लीत सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. दाताचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचं माप पाठवत, हे साच्यात प्लास्टर ओतून त्यावर दात घडवत. बत्तीस वर्षं लोकांना दात पुरवणारा हा माणूस स्वतः मात्र सहा महिने तोंड मिटून बसला होता. निदान लेकीपुरतं तरी.

लेक या बाकाशीच वाढली. प्लास्टर धरायला पंधरा मिनिटं लागतात; तेवढा वेळ आठ वर्षांच्या पोरीला एका जागी बसवायचं कसं, म्हणून त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या चकत्या पटावर मांडून शब्द जुळवायचा खेळ आणला. इंग्रजी दोघांचंही यथातथाच. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एक जाडजूड वही केली. दोन अक्षरी शब्द एका पानावर, तीन अक्षरी पुढच्या, क्यूचे निराळे, झेडचे निराळे. अर्थ विचारायचा नाही, हा बाकाचा नियम.

"दाढेचा अर्थ विचारतं का कुणी? जागेत बसली म्हणजे झालं," ते म्हणायचे, आणि पोरगी पोट धरून हसायची.

हळूहळू वहीत तिचं अक्षर जास्त आणि त्यांचं कमी दिसू लागलं. दात घडवण्यातही ती बापाच्या वरचढ निघाली. खेळायची तर अशी, की सात अक्षरी शब्द दिसला रे दिसला की पटावर ठोकून मोकळी. "अगं, थोडं हातचं राखून खेळ," असं सांगता सांगता त्यांच्या दाताच्या कण्या झाल्या, पण ते तिच्या रक्तातच नव्हतं.

मग दूरच्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं. तिथे दात यंत्र कोरतं. तिने चाचरत सांगितलं आणि यांची जीभ घसरली.

"जा. पण पुन्हा या बाकावर बसायचं नाही."

ती गेली. जाताना वही घेऊन गेली. फळीवरची रिकामी जागा त्यांना त्याच दिवशी दिसली. बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे त्यांना पटावरून ठाऊक होतंच. घरात ते असं अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

उरला तो फोनवरचा एक डाव. भांडणाच्या आदल्या संध्याकाळी तिने गंमत म्हणून सुरू केलेला. तीन दिवसांत खेळी केली नाही तर तो रद्द होई, म्हणून हे बरोबर तिसऱ्या दिवशी खेळत. तीही तिसऱ्या दिवशीच उत्तर देई. डाव चालू आहे तोवर लेक आपली आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. संपला, तर कुणीतरी 'पुन्हा खेळू या' म्हणायला हवं, आणि ते कोणत्या तोंडाने म्हणायचं?

वही नव्हती म्हणून त्यांनी इंटरनेटवर एक पान शोधून ठेवलं होतं. हातातली अक्षरं टाकायची, शब्दाची लांबी निवडायची, की शब्दांची रांग लागे. वरचे लांबलचक शब्द ते आशाळभूतपणे बघत आणि तळातला दोन अक्षरी उचलत. मोठे शब्द टाकले असते तर दोन महिन्यांत अक्षरं संपून सगळं आटोपलं असतं.

मनाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. लेकही चिमूटभर शब्द टाकत होती. दोन अक्षरं, कधी तीन. त्यांना वाटे, पोरीचं मन उडालं. दारी आलेल्याला मूठभर घालून वाटेला लावावं, तसं चाललंय. गेल्या पंधरवड्यापासून तर दोघांच्याही पासच्या फैरी सुरू होत्या.

आतल्या खोलीतून बायकोचं हसू ऐकू आलं. रविवारी दुपारी ती लेकीशी बोलायची, तेव्हा यांच्या हातातली कानस आपोआप मंद व्हायची. हसू थांबलं, पावलं दाराशी आली.

"तिकडे थंडी पडलीय का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"थंडीची चौकशी आहे की जिला वाजते तिची?"

"थंडीची."

"मग बातम्या लावा. मी काय टपालपेटी आहे? नंबर तुमच्याकडेही आहे." ती वळली आणि जाता जाता म्हणाली, "पानं घेते. हात धुऊन या."

ती गेली आणि फोन वाजला. लेकीने या खेपेला तिसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच पास दिला होता. तोही तिसरा.

पट एकाएकी काळवंडला आणि वर पाटी आली. डाव संपला. दोघांनी तीन-तीनदा पास दिला की खेळ मिटतो, असा काहीतरी नियम खाली लिहिला होता. त्यांनी तो दोनदा वाचला. चकत्यांच्या पटावर कधी कुणी पास दिलाच नव्हता, मग नियम माहीत असणार कुठून? डाव वाचवायला गेले आणि आपल्याच हाताने बुडवून बसले. त्यांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात घातला.

पाटीखाली दोघांच्याही हातातली अक्षरं दिसत होती, अगदी पहिल्या खेळीपासूनची. त्यांचा डोळा तिच्या रांगेवर गेला. एका खेळीला तिने 'गो' ठेवलं होतं. तेव्हा तिच्या हातात काय होतं? त्यांनी ती अक्षरं त्या नेहमीच्या पानावर टाकली, लांबी सहा केली. 'ऑरेंज' आलं. जागाही समोरच मोकळी होती.

त्यांनी पुढची खेळी घेतली. तिथे तिने 'बॅट' ठेवली होती. अक्षरं टाकली, लांबी सात केली. 'कॅबिनेट'. सातच्या सात अक्षरं एका फटक्यात गेली असती, वर पन्नास गुण मिळाले असते. पोरीला हे दिसलं नसेल? वही तिच्याकडे होती. आणि 'कॅबिनेट' तर तिने नवव्या वर्षी, याच बाकावर, त्यांच्या डोक्यावर मारलं होतं.

ते एकेक खेळी मागे जात राहिले. पाच अक्षरी हातात, ठेवलं दोन अक्षरी. सात अक्षरी हातात, ठेवलं तीन अक्षरी. शेवटी तर झेड आणि त्याला हवे ते दोन स्वर घेऊन ती पासवर पास देत बसली होती.

"अहो, पानं थंड होतायत!"

'पुन्हा खेळायचं?' असं विचारणारं बटण पटाखाली लुकलुकत होतं. त्यांनी अंगठा त्याच्यावर नेला, थांबले, आणि खेळच बंद केला. मग लेकीचा नंबर काढला. बोटांवरच्या प्लास्टरमुळे काचेला बोट नीट लागेना. हात पुसून त्यांनी पुन्हा दाबलं.

पहिली घंटा पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. यांनी तोंड उघडलं, पण सहा महिने मनात घोळवलेलं एकही वाक्य जागेवर सापडेना.

"आता पास नाही हं, बाबा," लेक म्हणाली.

त्यांनी कवळी बाजूला सारली.

"जेवलीस का?"