पिल्लू जेवलं

मी एक जुना शार्कचा जबडा आहे, मित्रांनो, आणि मला एका माणसावर सूड उगवायचा होता.

जिवंत होतो तेव्हा खोल, काळोख्या समुद्रात राहायचो. तिथे डोळे मोठे लागतात, आणि माझे काय टपोरे होते! एका ट्रॉलरवाल्या आजोबांच्या जाळ्यात सापडलो. त्यांनी माझा जबडा साफ करून, वाळवून आमच्या मांजर्लीच्या शाळेला भेट दिला. सोबत माझा चुलतभाऊही जबडा होऊन आला, बोथट नाकाच्या जातीचा, थोराड. बहुतेक शार्कांना कल्ल्यांच्या पाच फटी असतात, आम्हा दोघांना सहा. इतकं जवळचं नातं.

पण विज्ञानाच्या हरिचंद्र सरांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मोठा तो बाप, लहान ते पिल्लू."

झालं. त्याला काचेचं कपाट. मला पुराची ओल धरलेली भिंत, आणि माझ्या दातांवर सरांचा ओला नॅपकिन, रोज. दहावीतला विक्रांत जाता-येता विचारायचा, "काय पिल्लू, जेवलास का?" मी नॅपकिनखाली डूख धरून होतो.

यंदा प्रदर्शनाआधी आवराआवर निघाली. सर म्हणाले, "एकाच जातीचे दोन कशाला? पिल्लू भंगारात टाका."

नववीतल्या तेजलने मला खिळ्यावरून काढलं. पोत्यात टाकता टाकता ती थबकली आणि मला कपाटाजवळ नेलं.

"सर, खालच्या जबड्यात करवतीसारखे रुंद दात आहेत ना, ते ह्याला दोन्हीकडे पाच-पाच आहेत. त्याला सहा-सहा."

"लहान आहे गं. यायचे असतील अजून."

"मग जागा तरी हवी ना, सर?"

"पडले असतील. दीडशहाणी होऊ नकोस, आण इकडे."

सरांनी पडलेल्या दाताची जागा शोधायला बोट आत घातलं. घाला, म्हटलं. अजून आत. जागा नव्हतीच. मी होतो.

"आई गं!" सरांनी बोट ओढलं, तसं ते जास्तच कापलं.

दारातून विक्रांत म्हणाला, "सर, पिल्लू जेवलं."

तेजलने पुस्तकात शोधून माझं खरं नाव काढलं: मोठ्या डोळ्यांचा सहाकल्ली शार्क. प्रदर्शनात आम्हा दोघांतला फरक सरांनीच सांगितला, बोटाला पट्टी बांधून. मला फार बरं वाटलं.

तर मित्रांनो, लहान दिसतं म्हणून कशालाही पिल्लू ठरवू नका. टाकून देण्याआधी नीट बघा. आता मीही कपाटात असतो. सर नॅपकिन खिडकीला अडकवतात. पण कपाटाची कडी सैल आहे, आणि माझं तोंड काही मिटत नाही.