नुआलाबाईंच्या भिंतीवरचा परवाना

मी एक जुना परवाना आहे. जुना म्हणजे जेमतेम दोन वर्षांचा, पण मित्रांनो, काळजीने कागदसुद्धा लवकर पिवळा पडतो.

'या दुकानास व्हेप विकण्यास मुभा आहे. अठरा वर्षांखालील कोणासही विकू नये,' एवढंच माझ्या अंगावर छापलं आहे. व्हेप म्हणजे निकोटिनची वाफ ओढायची ती विजेची कांडी, फळांच्या वासाची आणि खेळण्यासारखी रंगीत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात नुआला गेराटी या विधवा बाईंचं किराणा दुकान होतं. त्यांनी मला काचेत बसवून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवलं. कागद असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

परक्यांना त्या ओळखपत्र मागायच्याच. एकदा तर पांढऱ्या दाढीच्या पर्यटकालाही त्यांनी सोडलं नाही. गावच्या पोरांना मात्र कार्ड मागायचं म्हणजे बाईंना पोरांच्या आईबापांचा अपमान वाटे. कोण कोणत्या साली चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला उभं राहिलं, ते त्यांना तोंडपाठ होतं. तो सोहळा सातआठ वर्षांच्या मुलांचा, म्हणून त्यावरूनच त्या वय मोजत. माझ्या जिवाला घोर लागला तो इथेच.

एका दुपारी एक उंच मुलगी आली. कोटाच्या गळ्यातून शाळेचा टाय डोकावत होता. मला तो दिसत होता, पण मला तोंड कुठे?

"डिंप्ना मोरनची ना गं तू? केवढी वाढलीस! तुझ्या पांढऱ्या झग्याला लेस मीच लावली होती, आठवतं?"

"आठवतं तर! काय टोचायची हो ती!" मुलगी हसली.

कम्युनियनचा तो झगा शिवून अकरा वर्षं झाली, म्हणजे पोरगी एकोणीसची. बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि गुलाबी कांडी दिली.

मुलगी दर शुक्रवारी येऊ लागली, मग एक दिवसाआड. तिचं हसू आटलं आणि खोकला वाढला. ती दारात दिसली की मी काचेमागे घाबराघुबरा व्हायचो.

मग एका सकाळी तिची आई डिंप्ना आली. तिने गुलाबी कांडी गल्ल्यावर आपटली.

"काल आमची ओर्ला वर्गात चक्कर येऊन पडली. दप्तरात हे निघालं. नुआला, तुझ्याकडचं नाही ना गं हे?"

"ओर्ला? अगं, मी तर तुझ्या थोरलीला..."

"थोरली दोन वर्षं डब्लिनला आहे! ही धाकटी. पंधरा वर्षांची आहे गं ती!"

झगा शिवला होता थोरलीसाठी. चार वर्षांनी तोच धाकटीने घातला होता.

बाईंनी 'नाही' म्हटलं असतं, तरी खपून गेलं असतं. साक्षीला मी एकटा. परवाना गेला तर दुकान तगणं कठीण होतं. सांगायला लाज वाटते, मित्रांनो, पण मी मनात म्हणत होतो, नाही म्हणा, बाई! मला भिंतीवर राहायचं होतं.

"माझ्याकडचंच आहे, डिंप्ना," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं आणि स्वतःच परवान्यांच्या कचेरीत फोन लावला.

आता मी एका फायलीत पडून आहे. अंगावर 'रद्द' असा लाल शिक्का आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या कागदाला नुसतं काचेत जपू नका. त्यावर लिहिलंय तसं वागा, आणि ओळखीच्या पोराला तर आधी विचारा. या फायलीत तारीख आहे, बाईंची सही आहे, साहेबांचा शेरा आहे. ओर्लाचं ते व्यसन सुटलं की नाही, एवढं मात्र कोणीच लिहिलेलं नाही.