मान सैल सोडा

आमचे हे केस कापतात असं कुणी म्हटलं की ह्यांना राग यायचा. केस काय, कात्री हातात दिली तर कुणीही कापेल, म्हणायचे, लोक माझ्याकडे येतात ते मानेसाठी. आणि ते खोटं नव्हतं. दाढी झाली, तोंडावर पाणी मारून झालं, की ह्यांचा एक हात गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली जायचा, दुसरा डोक्यामागे. "मान सैल सोडा." कुणी सोडत नाही. सोडली म्हणतात आणि उलट जास्तच ताठ करतात. मग हे एखादा विनोद सांगायचे. गिऱ्हाईक हसलं की मान एका क्षणापुरती आपोआप सुटते, आणि तेवढ्यात कट्! आधी डावीकडे, मग उजवीकडे. ही विद्या सासऱ्यांची. त्यांनी ती दोन्ही मुलांना शिकवली, विनोदांसकट. त्यामुळे सलूनमधले विनोद बापाच्या काळातलेच, पार शिळे. तरी गिऱ्हाइकं हसायची.

दोन्ही मुलं म्हणजे आमचे हे आणि धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणते. ह्यांच्यासाठी मात्र ते 'बारक्या'. बारक्याचं पोट आता जेवायच्या टेबलाला टेकतं, डोक्यावर एक केस नाही, तरी बारक्याच. लग्न केलं नाही, जेवायला आमच्याकडेच. सलूनमध्ये दोन खुर्च्या, एक ह्यांची आणि एक त्यांची. दादाच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत. पूर्वी मला त्याचं कौतुक वाटायचं.

अपघात म्हणावा असा अपघातही झाला नाही. सलूनचे टॉवेल आणायला आम्ही तिघं भावजींच्या गाडीतून घाऊक बाजारात निघालो होतो. गाडी सिग्नलला उभी होती. हे पुढच्या सीटवर, मान मागे वळवून मला चिडवत होते, की रंग तू निवडू नकोस बाई, मागच्या खेपेचे तुझे टॉवेल पहिल्याच धुण्यात सगळ्या कपड्यांना गुलाबी करून गेले. तेवढ्यात मागून सामान पोचवणारी एक व्हॅन येऊन आदळली. बंपर चेपला, दिवा फुटला, बस. रक्ताचा थेंब नाही. व्हॅनवाला थरथर कापत होता. ह्यांनीच त्याला पाणी पाजलं आणि वर म्हणाले, "घाबरू नका हो, दिवाच फुटलाय, डोकी शाबूत आहेत." टॉवेल घेऊनच आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उठले तर मान लाकूड झालेली. अख्ख्या वस्तीच्या माना मोकळ्या करणाऱ्याचीच मान अडकली, म्हणून आम्ही हसलो. "दिव्याखाली अंधार," मी म्हटलं. पण दुखणं मानेत थांबलं नाही. उजव्या खांद्याच्या फऱ्यात उतरलं, तिथून दंडात, मग कोपराच्या खाली. खाली बघितलं की मानेपासून अंगठ्यापर्यंत करंट जातो, म्हणायचे. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला सतत मुंग्या. झोपताना हात उचलून डोक्यावर ठेवला तरच जरा डोळा लागायचा.

सलूनमध्ये काय चाललंय ते मला भावजींकडून कळलं. वस्तरा दोनदा हातातून निसटला, तेव्हापासून दादा सगळ्या दाढ्या मशीननेच करतो, असं ते दबक्या आवाजात म्हणाले. मग एकदा ह्यांनी वाफेच्या पेटीतून टॉवेल काढला आणि एका जुन्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवला, तर तो माणूस किंचाळत उठला. टॉवेल किती गरम आहे ते आधी अंगठ्याने दाबून बघायचं असतं. ह्यांनी बघितलं होतं. अंगठ्याला काही कळलंच नाही. घरी आले तेव्हा त्यावर टरटरून फोड आला होता, आणि तो फोड ह्यांना मी दाखवला.

मग मात्र मी ऐकलं नाही, हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एमआरआय झाला. बाईंनी तो उजेडासमोर धरून आम्हाला नीट समजावलं. मानेच्या दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती धक्क्याने फाटून बाहेर आलीय आणि हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाबतेय. तिच्या मागेच मज्जारज्जू आहे, त्याला अजून धक्का नाही. गोळ्या, गळ्यात पट्टा आणि विश्रांती. पुष्कळांना एवढ्यानेच उतार पडतो. नाहीच पडला तर ऑपरेशन करू. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "मानेला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. मालीश नाही, ओढणं नाही, मोडणं तर अजिबात नाही."

हे हसले. "बाई, माझा धंदाच तो आहे."

"म्हणूनच सांगतेय."

परत येताना गळ्यातला पट्टा चाचपत म्हणाले, "आता गल्लीतली कुत्री मला आपल्यातला समजतील." मी हसले, पण ह्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. ऑपरेशनची भीती ह्यांना नव्हती. उजवा हात गेला तर आपण कोण, ही भीती होती. शर्टाचं बटण लागेना, तेव्हा माझ्याकडे पाठ करून किती वेळ त्याच्याशी झटत राहायचे. मी लावून दिलं तर ते चालत नव्हतं आणि नाही लावलं तर चीडचीड. पट्टा लावून रोज सलूनमध्ये जायचे, बाकावर बसायचे, आणि आपल्या खुर्चीत भावजी दुसऱ्याची हजामत करताना बघायचे. त्यातून नको ते डोक्यात शिरलं. जन्मभर वाकड्या मानेची माणसं ह्या दारातून आत आली आणि सरळ होऊन बाहेर गेली. आपणच तेवढे का वाकडे राहायचं?

दुपारी सलूनला गिऱ्हाईक नसतं. मी डबा घेऊन गेले तर शटर अर्धं खाली. वाकून आत शिरले. हे आपल्या खुर्चीत बसले होते. पट्टा काढून टॉवेलच्या खुंटीला अडकवलेला. मागे भावजी, एक हात ह्यांच्या हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे, आणि चेहरा रडवेला.

"अहो!" मी ओरडले.

ह्यांनी आरशातूनच डावा हात वर केला. थांब.

"दादा, बाई नको म्हणाल्यात," भावजी म्हणाले.

"बाईंनी आयुष्यात किती माना मोडल्यात? तू किती मोडल्यास? बाबांनी उगाच शिकवलं का तुला?"

"तुझी मान सुटतच नाहीये रे. दगड झालाय."

"मग विनोद सांग की, गाढवा."

"मला सुचत नाहीये."

"तुला काय सुचायचंय, बापाने आयते दिलेत तेही आठवत नाहीत." आणि मग ह्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. "एक टकल्या सलूनमध्ये आला. म्हणाला, माझे चारच केस, मला कमी पैसे लावा. बाबा म्हणाले, साहेब, कापायचे कमीच घेतो, पण शोधायचे वेगळे पडतील." आणि आपल्याच विनोदावर, भावजींच्या टकलाकडे आरशात बघत, हे खदखदून हसले. बऱ्याच आठवड्यांत पहिल्यांदा.

भावजींच्या हातांनी शिकवलेलं होतं तेच केलं.

तो आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. त्याच्यामागून नेहमी गिऱ्हाइकाचं "आहाहा" येतं. ह्यांचंही आलं. "गेलं," हे म्हणाले. "बारक्या, गेलं! दुखणं गेलं! हातातलं सगळं गेलं!" चेहरा लहान मुलासारखा फुललेला. भावजी मटकन बाकावर बसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. खोटं कशाला बोलू, मीही हरखले. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, त्या गिळल्या.

"आण तो डबा," हे म्हणाले. हात पुढे आला नाही. त्यांनी खाली बघितलं. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर तसाच पडून होता. ते त्या हाताकडे बघत राहिले, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूकडे बघावं तसे. मग उठायला गेले आणि पायच आले नाहीत.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. मज्जारज्जू चेपला गेला होता. बाई बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न तोच, मान कुणी मोडली. शुद्धीवर आल्यावर ह्यांनाही विचारलं. "मीच," हे म्हणाले. "आरशासमोर उभा राहून, माझी मीच." बाईंचा विश्वास बसला नाही, पण नवरा तेच धरून बसलेला, बायको गप्प, त्या तरी काय करणार.

पाय हळूहळू आले. आधी वॉकर, मग काठी. डावा हात बरा होता. उजव्याची बोटं थोडी वाकायला लागली, पण संवेदना शून्य. चहाचा कप त्या हातात दिला तर बघत असेपर्यंत धरायचे, नजर हलली की कप खाली. माझ्या घरात एक धड कप उरला नाही.

आणि भावजी. त्यांनी सलूनला कुलूप लावलं. तपासणीत बाई दादाच्या अंगठ्याला टाचणी टोचतात ती त्याला कळेपर्यंत मी कुणाच्या अंगाला हात लावणार नाही, असं एकदाच म्हणाले आणि मग तसेच वागले. ह्यांना आंघोळ घालायचे, चालवायचे, बोटं चोळायचे. रोज सकाळी आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा, काही येतंय?" हे म्हणायचे, "येईल रे. तू आधी सलून उघड." ते ऐकायचे नाहीत. आयुष्यभर दादाचं सगळं ऐकलं आणि जे ऐकायला हवं तेवढंच नाही.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, शब्द नाही. ह्यांनी सांगितलं होतं, हट्ट ह्यांचा होता, सगळं मला कळत होतं. कळून काय करायचं? हात त्यांचे होते. ते हात समोर भाकरी मोडताना दिसले की माझं डोकं फिरायचं.

मग ती तपासणी आली. बाई आधीच म्हणाल्या होत्या, नस जे काही देणार असेल ते आतापर्यंत देते, यापुढे फार आशा धरू नका. हे टेबलाजवळ खुर्चीत बसले, उजवा हात टेबलावर उताणा ठेवलेला. भावजी दाराशी उभे, दोन्ही हात काखेत दाबून. माणूस परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहतो तसे.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. टोचलं की सांगा."

अंगठ्यावर टाचणी लागली. "टोचलं," हे म्हणाले.

माझ्या काळजात लख्ख झालं. शेजारच्या बोटावर लागली. "टोचलं." तळहातावर. "हो, टोचलं." आवाज अगदी ठाम. मी भावजींकडे बघितलं. त्यांनी काखेतले हात बाहेर काढले होते.

बाईंनी टाचणी परत उचलली आणि तशीच हवेत धरून ठेवली. हाताला लावलीच नाही.

"टोचलं," हे म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तिथे मला सगळं कळलं. हा माणूस कुणासाठी खोटं बोलतोय, हेही कळलं. बाईंच्या आड असल्यामुळे ती टाचणी दाराशी उभ्या भावजींना दिसली नसावी. मी दाराकडे वळले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "ऐकलंत ना भावजी? येतंय ह्यांना."

भावजी पुढे आले. चप्पल बाहेर काढलेली, पावलांचा आवाज नाही. खाली वाकून त्यांनी टेबलावरचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबून धरला. त्यांची बोटं पांढरी पडली इतका घट्ट. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं, तेही बिनआवाज.

ह्यांचे डोळे मिटलेलेच. बाईंनी उघडा म्हटलं नव्हतं. चेहरा दाराकडे वळवून हे म्हणाले, "बारक्या, ऐकलंस ना? कुठायस? ये इकडे."

भावजींनी वर बघितलं. आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे काही साठलं होतं ते सगळं त्या तोंडाकडे बघून गळून पडलं. मी किती वेळा मनात म्हटलं होतं, ह्याला शिक्षा व्हायला पाहिजे. झाली होती.

"इथेच आहेत ते," मी म्हटलं. "तुमचा हात धरून उभे आहेत."

ह्यांनी डोळे उघडले. आपल्या हाताकडे बघितलं, त्याच्यावरच्या भावाच्या हातांकडे बघितलं.

"काही येत नाही, बारक्या," हे म्हणाले. "येणारही नाही आता. तू उद्या सलून उघड."

भावजी हात सोडेनात, आणि ते सोडत नाहीत हे ह्यांना डोळ्यांनी बघूनच कळत होतं.